मिरगाच्या मुंग्या: रांग मारू नका, राणीपर्यंत पोचा

यवतमाळ-वर्ध्याकडच्या काळ्या मातीत राहणाऱ्याला हे सांगायला नको. उन्हाळ्यात आवारातली जमीन हात जाईल इतकी भेगाळते आणि मुंग्या त्या भेगांतच वस्ती करतात. मिरगाचा पाऊस झाला की माती फुगते, भेगा मिटतात. मग सगळा संसार तोंडात धरून मुंग्या जोत्यावर चढतात, तिथून थेट गुळाच्या डब्यात. त्यांच्या तोंडात पांढरं दिसतं त्याला आपण अंडी म्हणतो, पण त्यात बहुतेक अळ्या आणि कोष असतात.

रांगेवर फिनाईल ओतलं, झाडू मारला, तर दोन तास बरं वाटतं. रांगेतल्या सगळ्या कामकरी मुंग्या. राणी आत भिंतीत नाहीतर फरशीखाली बसून अंडी घालत असते, म्हणून उद्या तितक्याच पुन्हा निघतात. बारीक पिवळसर मुंग्यांची तर फवाऱ्यानं एका वस्तीच्या चार वस्त्या होतात. तेव्हा मारणारी वस्तू मुंग्यांनीच आत नेऊन राणीला भरवली पाहिजे.

त्यासाठी मेडिकलमध्ये मिळणारी बोरिक पावडर पुरते. पण आधी मुंग्यांना काय हवंय ते पाहा. कागदाच्या तुकड्यावर गुळाच्या पाण्याचा थेंब आणि शेजारी चिमूटभर शेंगदाण्याचा कूट ठेवा. तासाभरात गर्दी कुठे होते ते कळेल. गोडावर आल्या तर कपभर कोमट पाण्यात चार चमचे साखर आणि अर्धा चमचा बोरिक पावडर पूर्ण विरघळवा. चमचा चहाचा, लहान. कुटावर आल्या तर दहा चमचे बारीक कुटात अर्धा चमचा पावडर आणि थोडं शेंगदाण्याचं तेल घालून कालवा. लवकर मरतील म्हणून पावडर वाढवू नका. जास्त झाली की मुंगी त्याला तोंड लावत नाही, किंवा वाटेतच मरते आणि राणीपर्यंत काहीच पोचत नाही.

कापूस तर आपल्या घरचाच. त्याचा बोळा साखरेच्या पाण्यात भिजवून बाटलीच्या झाकणात ठेवा आणि झाकण रांगेच्या अगदी कडेला, त्या जिथून निघतात त्या सांदीजवळ सरकवा. इथे मी पहिल्या वर्षी चुकले. झाकण ठेवायची आणि रोज सकाळी फरशीही लखलखीत पुसायची. मुंग्या वासाच्या खुणेवर चालतात, ती खूणच पुसली तर झाकणापर्यंत येणार कशा? सासूबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "आधी दवाई खाऊ दे न त्यायले, मंग पुस." तसंच करा. तेवढी जागा दहाएक दिवस पुसू नका, तिथे फवारा मारू नका. पहिल्या दिवशी झाकणाभोवती मुंग्यांचा ढीग दिसेल, घाबरू नका, तेच हवं आहे. तीन-चार दिवसांत रांग विरळ होते. बोळा सुकतो, म्हणून एक दिवसाआड नवा ठेवा. रांग संपली की मग साबणाच्या पाण्यानं सगळी वाट घासून काढा.

बोरिक पावडर पांढरी, पापडखार पांढरा, मीठही पांढरं. म्हणून ती स्वयंपाकघरात ठेवायचीच नाही. पुडीवर ठळक नाव लिहून उंचावर, कुलपात ठेवा. झाकण रांगत्या लेकराच्या, कोंबड्यांच्या, मांजराच्या वाटेत येऊ देऊ नका. छोट्या डब्याला मुंगी जाईल एवढी भोकं पाडून झाकण त्यात ठेवलं की बरं. चुकून कुणाच्या पोटात गेलीच तर पुडी सोबत घेऊन लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

आणि शेतातली भुकटी घरात आणू नका, हे हात जोडून सांगते. कपाशीसाठी आणलेलं औषध उरलं, ते उंबऱ्याला टाकलं, कोठीखाली टाकलं, असं अजून होतं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. उघड्या वावरात ही गत, तर बंद खोलीत जमिनीवर झोपणाऱ्या लेकराचं काय होईल? मिथाइल पॅराथिऑनच्या भुकटीवर २०१८ मध्ये देशात बंदी आली. तिचं जुनं पाकीट गोठ्यात सापडलं तर ते घरात वापरू नका, धान्याजवळही नेऊ नका.

बोळा ठेवला असतानाच बाकीची कामं उरका. गूळ घट्ट झाकणाच्या डब्यात हलवा. फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत असाल तर त्या पाण्यात साबणाचा थेंब टाका, म्हणजे मुंगी तरंगून पार न होता बुडते. ते पाणी आठवड्यातून दोनदा बदला, नाहीतर त्यातच डासांच्या अळ्या होतील. मातीच्या भिंतीची भोकं शेण-माती-कुटारानं लिंपून घ्या, सिमेंटच्या जोत्याची सिमेंटनं. मात्र रांग आटल्यावरच. आधी बुजवलं तर त्या दुसरीकडून फुटतात.

एक नजर वरही टाका. मांडवावरचा वालाचा वेल कवेलूंना टेकला असेल तर तो मुंग्यांचा पूलच. कपाशीवर मावा आला की पानं चिकट होतात आणि तो चिकटा चाटायला मुंग्या चढतात, हे आपण दरसाल बघतो. वालावरही तेच होतं. टेकलेला भाग छाटा, मावा पाण्याच्या जोरदार धारेनं धुऊन काढा.

बांधावरच्या, झाडाखालच्या वस्त्या मात्र राहू द्या. तिथल्या मुंग्या उधई आणि किडींच्या अळ्या खातात. माझी आजी कडुनिंबाच्या बुडाशी मुंग्यांना पीठ-साखर घालायची, अंगणाच्या पार टोकाला.

आणि पहिल्या पावसानंतर दिव्यावर पंखवाले किडे आले तर झाडून टाकण्याआधी एक उचलून पाहा. कंबर बारीक आणि पुढचे पंख मोठे, तर ती मुंगी. कंबर जाड आणि चारी पंख सारखे, तर ती उधई. भिंतीवर किंवा दाराच्या चौकटीवर मातीच्या नळ्या दिसल्या तरीही उधईच समजा. तिच्यावर हा साखरेचा बोळा चालत नाही. तिचा इलाज वेगळा आहे, आणि त्याला उशीर केला तर चौकट जाते.