पुढारी आरोपी, ज्युरीत आपण: अभिरूप ज्युरीचा प्रयोग कसा घ्यावा

गाजलेल्या खटल्यात ज्युरीतल्या, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळातल्या, माणसाला आपला पक्ष दाराबाहेर ठेवून आत बसता येतं का, यावर वाद घालण्यापेक्षा माणसं बसवून पाहावं. हा प्रयोग विधी महाविद्यालयात, राज्यशास्त्राच्या वर्गात किंवा तालुक्याच्या वाचनालयात सहज होतो. लागतात 22 माणसं, एकमेकींपासून लांबच्या दोन खोल्या, झेरॉक्स आणि एक अख्खा दिवस. खान्देशात तो ऑक्टोबर ते फेब्रुवारीतच ठेवा. एप्रिलच्या उन्हात दुपारी दोनला कोणी पुरावा तोलत बसत नाही, लवकर सुटायचं म्हणून हात वर करतो. निवडणुकीचा महिनाही टाळा.

आपल्याकडे फौजदारी खटल्यांतली ज्युरी 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने संपली. तिच्याआधी धक्का दिला तो नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्याने. 1959 साली मुंबईच्या सत्र न्यायालयात नऊपैकी आठ जणांनी 'निर्दोष' म्हटलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे नानावटी दोषी ठरले. सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये तेच कायम केलं. पण आपल्या प्रश्नाला जास्त लागू पडतात टिळकांवरचे राजद्रोहाचे दोन खटले. 1897 मध्ये ज्युरीतले सहा युरोपीय 'दोषी' म्हणाले, तिघे भारतीय 'निर्दोष'. 1908 मध्ये सात युरोपीय 'दोषी', दोघे भारतीय 'निर्दोष'. ज्यावरून खटले झाले ते लेख मराठीतले, ज्युरीपुढे त्यांची इंग्रजी भाषांतरं. दोन्ही वेळा फूट बरोबर वंशाच्या रेषेवर पडली. ज्युरीत कोण बसलं हे कळल्यावर निकाल जवळपास कळत होता. म्हणून या प्रयोगात सर्वांत जास्त वेळ निवडीला द्यायचा.

निवड

दोन ज्युऱ्या, प्रत्येकीत नऊ जण आणि दोन राखीव. नऊचा आकडा मुंबईच्या जुन्या ज्युरीचा आहे, आणि विषम असल्याने बहुमताचा पेचही पडत नाही. 22 मिळवायला 35 ते 40 जणांना आठवडाभर आधी प्रश्नावली द्या. त्याच दिवशी दिली तर लोक हुशार असतात, प्रयोग कशाचा आहे हे ओळखून वागायला लागतात.

'तुम्ही निःपक्षपाती राहू शकाल का?' हा प्रश्न विचारूच नका. सगळे 'हो' म्हणतात आणि बहुतेकांना ते मनापासून वाटतही असतं. मत विचारू नका, वागणं विचारा. मागच्या दोन निवडणुकांत कोणाचा पोलिंग एजंट होतात का? घरातलं कोणी विकास सोसायटी, दूध संघ, बाजार समिती किंवा ग्रामपंचायतीवर आहे का? एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाच्या फलकावर तुमचा फोटो लागला होता का? राजकारणाचे किती व्हॉट्सॲप ग्रुप, आणि त्यात पुढे किती पाठवता? बातम्या कुठे वाचता? फलकाचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण आपल्या भागात माणूस कोणाचा हे फलकाइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही.

शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा: 'तुमच्या पक्षाच्या नेत्यावर पैसे खाल्ल्याचा आरोप आहे. कोणता कागद दाखवला तर तुम्ही तो खरा मानाल?' ज्याला एकही कागद सुचत नाही त्याला वगळा. ज्याचं मत ठाम आहे पण 'बँकेचा उतारा दाखवा, मग मानेन' असं जो लिहितो त्याला ठेवा. कोरी पाटी असलेला माणूस शोधण्याच्या नादी लागू नका, तसा मिळत नाही आणि लागतही नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये आयर्विन विरुद्ध डाऊड या प्रकरणात कसोटी हीच सांगितली: ज्युरीतल्या माणसाने काही ऐकलेलंच नसावं अशी अट नाही, मनातलं बाजूला ठेवून पुराव्यावर निकाल देता आला पाहिजे. मात्र त्याच खटल्यात बारापैकी आठ जणांनी आरोपी दोषी वाटतो असं आधीच सांगितलेलं होतं, आणि तरीही 'आम्ही न्याय देऊ' या त्यांच्या शब्दावर विसंबायला न्यायालयाने नकार दिला. न्यूयॉर्कमध्ये 2024 च्या ट्रम्प खटल्यात 42 प्रश्नांची यादी होती. पहिल्या 96 जणांपैकी निम्म्याहून जास्त लोक 'आम्हाला निःपक्षपाती राहता येणार नाही' म्हणून आपणहून बाहेर पडले. असं सांगून बाहेर पडणाऱ्याला नावं ठेवू नका, त्याने प्रामाणिकपणाच केला.

उरलेल्यांचे तीन गठ्ठे करा: पक्ष अ कडे झुकणारे, पक्ष ब कडे झुकणारे आणि कुठेच नसलेले. प्रत्येक गठ्ठ्यातून चिठ्ठ्या टाकून दोन्ही खोल्यांत तीन-तीन जण पाठवा. हात उचलून वाटणी केली की मित्र मित्राशेजारी बसतो आणि सगळं फिसकटतं. जळगाव, धुळे, नंदुरबार अशी मिसळ जमली तर उत्तम, कारण एकाच गावचे चौघे एका खोलीत आले की गावचं भांडण आत येतं.

खटल्याचा कागद

खटला बनवलेला हवा. चालू प्रकरण घ्यायचं नाही, न्यायालयाच्या अवमानाचा धोका आहे. गाजून गेलेलंही नको. जळगावच्या घरकुल प्रकरणाचा, म्हणजे घरबांधणी योजनेतल्या गैरव्यवहाराच्या खटल्याचा, निकाल 2019 मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयात लागला, त्यावर अपिलं झाली आणि इथल्या प्रत्येकाचं त्यावर मत आहे. अशा प्रकरणात तुम्ही पूर्वग्रह मोजत नाही, आठवणी मोजता.

एक चालणारा नमुना असा. बाजार समितीने केळीसाठी शीतगृह बांधलं. सभापतीवर फौजदारी विश्वासघाताचा आरोप आहे. सरकार पक्षाचे पुरावे तीन: मोजमाप वहीत फरशी 1,200 चौरस मीटर लिहिली आहे, जागेवर 940 भरते, बिल संचालक मंडळाच्या ठरावाच्या तीन दिवस आधी निघालं, ठेकेदाराचा चार लाखांचा धनादेश सभापतीच्या भावाच्या खात्यात जमा आहे. बचावाचेही तीन: मोजमाप वहीवर सही अभियंत्याची आहे, सभापतीची नाही, मंडळाची बैठक गणपूर्तीअभावी पुढे गेली, विषयपत्रिकेत मंजुरीचा विषय आधीपासून होता, धनादेश निविदेच्या आठ महिने आधीचा आहे आणि त्याला जुन्या ट्रॅक्टरच्या विक्रीची पावती जोडलेली आहे. सहा पानांत सगळं बसवा. काटा मध्यावर राहील इतपत दोन्ही बाजू तोला, नाहीतर पूर्वग्रहाला शिरायला जागाच राहत नाही आणि सगळे एकमताने निकाल देऊन मोकळे होतात.

आता मुख्य युक्ती. याच कागदाच्या दोन प्रती करायच्या. पहिल्या खोलीत सभापती पक्ष अ चा आणि तक्रारदार संचालक पक्ष ब चा. दुसऱ्या खोलीत उलट. बाकी स्वल्पविरामही बदलायचा नाही. पक्षांची नावं खरी घाला, काल्पनिक पक्षासाठी कोणाचा जीव जळत नाही. माणसं मात्र पूर्ण काल्पनिक ठेवा आणि त्यांना आडनाव देऊ नका. आडनाव आलं की प्रयोग पक्षाचा न राहता जातीचा होतो. 'पाटील' लिहून सुटका होईल असं वाटतं, पण खान्देशात पाटील मराठा, लेवा, गुजर अशा सगळ्यांत आहेत, आणि खोलीतला पहिला प्रश्न 'कुठले पाटील?' हाच येतो. सभापती, संचालक, ठेकेदार, अभियंता एवढ्यावर भागवा.

'यापूर्वीही एका पतसंस्थेत यांचं नाव आलं होतं' असलं कात्रण कागदात घालून नंतर 'हे विचारात घेऊ नका' अशी सूचना देण्याचा मोह होतो. एकदा ऐकलेलं कान विसरत नाहीत, उलट 'विसरा' म्हटल्याने ते जास्त ठसतं. पतसंस्थेत ठेवी अडकलेली घरं आपल्याकडे कमी नाहीत, त्यामुळे हे एक वाक्य सहा पानांवर भारी पडेल. जे विचारात घ्यायचं नाही ते कागदावरच नको.

सुनावणी आणि पहिली नोंद

दोन्ही खोल्यांत वाचणारी माणसं तीच ठेवा, आधी एका खोलीत वाचायचं, मग दुसऱ्या. वाचन 45 मिनिटं, दोन्ही वकिलांची भाषणं दहा-दहा मिनिटं. मोबाईल पिशवीत गोळा करा. चहा दोन्ही खोल्यांना वेगवेगळ्या वेळी द्या. एकत्र चहा झाला की 'तुमचा सभापती कोणाचा?' एवढ्या एका वाक्यात दिवस वाया जातो.

भाषणं संपल्यावर कोणी एक शब्द बोलायच्या आत प्रत्येकाने लिहायचं. सहाही पुराव्यांना वेगवेगळे 0 ते 10 गुण, तो पुरावा किती विश्वासार्ह वाटतो त्याप्रमाणे, आणि शेवटी दोषी किंवा निर्दोष. नुसता निकाल मागू नका. पूर्वग्रह निकालात लपतो, पण गुणांत दिसतो. समजा पहिल्या खोलीत, सभापती आपला असताना, पक्ष अ च्या तिघांनी ट्रॅक्टरच्या पावतीला सरासरी 8 दिले आणि दुसऱ्या खोलीत, सभापती परका असताना, पक्ष अ च्याच तिघांनी 4 दिले. पावती तीच आहे. मधले 4 गुण पक्षाचे.

उलटा कागद

स्टॅनफर्डच्या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये दाखवलं की फाशीच्या बाजूचे आणि विरोधातले लोक एकच संमिश्र पुरावा वाचतात आणि दोघेही आपापल्या मतात आणखी घट्ट होतात. 1984 च्या पुढच्या अभ्यासात काहींना 'शक्य तितकं निःपक्षपाती राहा' असं सांगितलं, तर काहींना 'हाच निष्कर्ष उलटा निघाला असता तर हा अभ्यास तुम्हाला इतकाच पक्का वाटला असता का, हे प्रत्येक पायरीवर तपासा' असं सांगितलं. दुसऱ्या सूचनेने पूर्वग्रह कमी झाला, पहिलीने तेवढं साधलं नाही. सगळ्या प्रयोगाचं मर्म इथे आहे. नुसत्या शपथेने माणूस निःपक्षपाती होत नाही. त्याला हाताने करायचं काम द्यावं लागतं.

म्हणून पहिली नोंद गोळा केल्यावर प्रत्येकाला एक कोरा कागद आणि पंधरा मिनिटं द्या. वर छापा: 'सभापती समोरच्या पक्षाचा असता तर या सहा पुराव्यांपैकी कोणत्याला मी वेगळे गुण दिले असते? का?' निदान दोन पुराव्यांबद्दल लिहायलाच लावा. नंतर गुण पुन्हा घ्या. या कागदाचा नेमका किती उपयोग झाला हे कळायला महिन्याभराने नवी माणसं घेऊन दुसरी तुकडी करा आणि तिथे उलट्या कागदाऐवजी फक्त निःपक्षपातीपणाची शपथ द्या. दोन्ही तुकड्यांचे आकडे शेजारी मांडले की फरक दिसतो.

खोलीतली चर्चा

पहिली 40 मिनिटं मतदान नाही. सुरुवातीलाच हात वर झाले की प्रत्येक जण आपला हात राखायला बोलतो, पुराव्याकडे कोणी बघत नाही. एकेक पुरावा घ्या, त्यावर सगळे बोलले की पुढचा. प्रमुख चिठ्ठीने निवडा आणि बोलण्याचा क्रम वयाने लहानाकडून मोठ्याकडे ठेवा. आपल्याकडे आप्पा किंवा तात्या आधी बोलले की पंचविशीतला पोरगा 'बरोबर हाय' म्हणून गप्प बसतो, आणि त्याच्या मनात काय होतं ते कधीच कळत नाही.

अहिराणी चालू द्या, रावेर-यावलकडचे असतील तर लेवा बोलीही. प्रमाण मराठीत माणूस सभेतल्यासारखं बोलतो. बोलीत शिरला की 'तो आपला माणूस शे' हे वाक्य येतं, आणि तेच तुम्हाला नोंदवायचं आहे. नोंद घेणाऱ्याला दोन्ही बोली कळायला हव्यात. त्याने तीन गोष्टी टिपाव्या: कोण पुराव्याचं नाव घेऊन बोललं, कोण पक्षाचं नाव घेऊन, आणि कोणाचं मत कोणत्या पुराव्यावर हललं. शेवटचं मतदान गुप्त, चिठ्ठीवर. सोबत गुण तिसऱ्यांदा.

काय बिघडतं

सर्वांत फसवी चूक म्हणजे उलटा झोक. आपल्याच माणसाला दोषी ठरवून 'बघा, मी किती निःपक्षपाती' असं दाखवणारे दर तुकडीत एखाद-दोन निघू शकतात. त्यांचे गुण पाहा: आपल्या सभापतीच्या ट्रॅक्टरच्या पावतीला ते, दुसऱ्या खोलीत सभापती परका असताना त्यांच्याच पक्षाच्या लोकांनी दिले त्यापेक्षाही, कमी देतात. हाही पूर्वग्रहच, मोजणीत तसाच धरा. दुसरा प्रकार 'सगळेच चोर' वाल्यांचा. हे कुठल्याच पक्षाचे नसतात म्हणून निवडीत सुटतात, पण आरोपी पुढारी आहे एवढ्यावरच त्यांचा निकाल तयार असतो. प्रश्नावलीत 'राजकारणात एकही सरळ माणूस नाही' या वाक्याला 'पूर्ण सहमत' म्हणणाऱ्यांना एका खोलीत एकापेक्षा जास्त घेऊ नका.

18 माणसांच्या आकड्यांवरून मोठे दावे करू नका. एका खोलीत एका पक्षाचे तिघेच असतात, त्यातल्या एकाने सकाळी घरी भांडण केलं असेल तरी सरासरी हलते. चार-पाच तुकड्या झाल्या की मगच काही म्हणा, आणि तोवर कागद बदलू नका.

दिवसाच्या शेवटी दोन्ही खोल्या एकत्र आणून कागदातला फरक सांगावाच लागतो, फसवून घरी पाठवायचं नाही. प्रत्येकाचे गुण त्याच्याच हातात द्या, फळ्यावर नावानिशी लावू नका. नावं लागली तर पुढच्या तुकडीला त्या तालुक्यातून माणूस मिळणार नाही. प्रश्नावल्यांत कोण कोणाचा एजंट होता हे लिहिलेलं असतं, म्हणून आकडे उतरवून झाले की त्या त्याच संध्याकाळी सर्वांसमोर फाडून टाका.