स्कूबाचं टच घड्याळ घेताय? आधी बटणं बघा
मालवणला स्कूबासाठी टचस्क्रीन घड्याळ घेणार असाल तर कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानातच बोट चांगलं ओलं करून स्क्रीनवर फिरवा. साधा टच पाण्यात भांबावतो, कारण पाणीही बोटासारखीच वीज वाहून नेतं. म्हणून खोली आणि वेळ बघायला बाजूची बटणं हवीतच. घड्याळावरच्या ‘५० मीटर’वर भुलू नका, ते पोहण्यापुरतं, डायव्हिंगला किमान १०० मीटर.

आणि परतताना ‘नो-फ्लाय’चा आकडा बघा, म्हणजे बुडीनंतर विमानात बसायच्या आधी किती तास थांबायचं ते. आपण कुठं विमानानं येतोय, असं वाटतं. पण आंबोलीचा घाटमाथा जवळजवळ ७०० मीटरवर, हवेचा दाब तिथंही कमीच, आणि बुडीनंतर लगेच कमी दाबात जाणं धोक्याचं. एका बुडीनंतर किमान १२ तास, जास्त मारल्या तर किमान १८ तास खालीच मुक्काम करा. तांबडा-पांढरा एक दिवस थांबतो की!