ग्रोमॅक्स जीपीयूवर चढवताय? मग या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची एमएस्सी आणि फार्मसीची पोरं आता मॉलेक्युलर डायनॅमिक्स (रेणू कसे हलतात त्याची कॉम्प्युटरवरची नक्कल) घरच्या मशीनवरच करूलेत, सेकंडहँड जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड (म्हणजे जीपीयू) घ्यायचं, उबुंटू लिनक्स टाकायचं आणि ही नक्कल चालवणारं ग्रोमॅक्स चढवायचं. चांगलंच आहे, खरं अडकतात सगळे त्याच त्याच जागी, आणि अडकले की पहिला उपाय काय, तर अख्खं लिनक्स पुसून परत टाकायचं. नका हो करू तसं, कार्डाचा ड्रायव्हर, कुडा टूलकिट (एनव्हीडियाच्या जीपीयूसाठी प्रोग्राम बांधायची हत्यारं), जीसीसी (लिनक्सचा कंपायलर) आणि शेवटी ग्रोमॅक्स, यातलं नेमकं काय बिघडलंय ते आधी बघा.

"दादा, कुडा हाय की, एनव्हीडिया-एसएमआय १२.४ दाखवूलंय!" हे तर ठरलेलंच. अरे, एनव्हीडिया-एसएमआय ही कार्ड आणि ड्रायव्हरची माहिती दाखवणारी कमांड, तिथला तो आकडा म्हणजे हा ड्रायव्हर कुठल्या कुडापर्यंत चालेल एवढंच. टूलकिट मशीनवर नसलं तरी दिसतो. खरं टूलकिट बघायचं तर एनव्हीसीसीचं (टूलकिटमधल्या कंपायलरचं) व्हर्जन विचारा, आणि 'कमांड नॉट फाउंड' आलं तर एकतर ते टाकलेलंच नाही नाहीतर कुडाचा बिन फोल्डर पाथमध्ये (टर्मिनल कमांड शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) नाही.

एनव्हीडिया-एसएमआयच बोलत नसेल, 'ड्रायव्हरशी संपर्क होत नाही' म्हणत असेल, तर सिक्युअर बूट (सही मंजूर नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सेटिंग) बघा. ड्रायव्हर टाकताना उबुंटू एक पासवर्ड ठरवायला लावतं आणि रीस्टार्ट केल्यावर निळा स्क्रीन येतो, तिथं 'एनरोल मॉक' (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली मंजूर करणं) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. लोक घाबरून 'कंटिन्यू बूट' दाबतात आणि मग दिवसभर ड्रायव्हर काढ, ड्रायव्हर टाक. सही मंजूर नसलेलं मॉड्यूल (म्हणजे इथं ड्रायव्हरच) कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, घेतच नाही, मग कितीदाही टाका! दुसरं म्हणजे एनव्हीडियाच्या साइटवरची रन फाइल उतरवून ड्रायव्हर टाकू नका. डीकेएमएस (कर्नल बदलला की ड्रायव्हर परत बांधणारी सोय) न लावता टाकलेला ड्रायव्हर कर्नल अपडेट झाला की गेलाच. उबुंटूच्या 'अॅडिशनल ड्रायव्हर्स'मधून घ्या, विषय संपला.

टूलकिट घेताना 'कुडा' नावाचं पॅकेज घेऊ नका, ते ड्रायव्हरही स्वतःचा ओढून आणतं आणि चालू असलेल्याची वाट लावतं. 'कुडा-टूलकिट' घ्या. आणि सगळ्यात नवं तेच चांगलं असं इथं नाही, कुडा १३ मधून पास्कल पिढी काढून टाकलीय, म्हणजे त्या १०६० साठी ग्रोमॅक्स त्यात कंपाइलच होणार नाही, त्याला १२ वालंच लागतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जीबीच्या जीबी उतरवायच्या आधी एवढं तरी बघून घ्या.

जीसीसीचं भांडण वेगळंच. उबुंटू २४.०४ मध्ये जीसीसी १३ येतो, आणि त्याच उबुंटूच्या रेपोतलं कुडा १२.० ते घेत नाही. 'अनसपोर्टेड जीएनयू व्हर्जन' दिसलं की जीसीसी १२ टाका आणि सीमेकला (ग्रोमॅक्सच्या बांधणीची तयारी करणारं टूल) कुडाचा होस्ट कंपायलर तोच सांगा. सांगितल्यावर जुना बिल्ड फोल्डर पूर्ण उडवा, कारण सीमेक जुनं उत्तर कॅशमध्ये धरून बसतं आणि तुम्हाला वाटतं आपलं काही ऐकतच नाही. मेकला (प्रत्यक्ष बांधणी करणारी कमांड) जे, म्हणजे एका वेळी किती कामं चालवायची तो आकडा, देताना रॅमही बघा, आठ जीबीवर सगळे कोर लावले तर मशीन गोठतं.

आता खरी गंमत. इन्स्टॉल झालं, रन सुरू झाला, एरर एकही नाही, खरं काम सगळं सीपीयूवर! बहुतेक वेळा कारण हेच की आधी एप्टनं (उबुंटूच्या पॅकेज टाकायच्या कमांडनं) ग्रोमॅक्स टाकलेलं असतं आणि टर्मिनल तेच उचलतं. 'विच जीएमएक्स' मारून बघा (जीएमएक्स म्हणजे ग्रोमॅक्सची कमांड), यूएसआर-बिन आलं तर जुनं, यूएसआर-लोकल-ग्रोमॅक्स आलं तर तुम्ही बांधलेलं, त्यासाठी ग्रोमॅक्सबरोबरची जीएमएक्सआरसी फाइल सोर्स करावी लागते, म्हणजे टर्मिनलला वाचायला लावावी लागते. मग जीएमएक्सचं व्हर्जन विचारा, त्यात 'जीपीयू सपोर्ट'पुढं कुडा लिहिलेलं पाहिजे, 'डिसेबल्ड' असेल तर सीमेकला जीएमएक्स-जीपीयू हा पर्याय सांगायचं राहिलंय. रन सुरू करताना एमडीरनला (रन चालवणारी कमांड) 'एनबी जीपीयू' हा पर्याय द्या, म्हणजे जीपीयू सापडला नाही तर गप्प चालण्याऐवजी ओरडून थांबेल.

आणि करंटचं काय ते आपल्याकडं सगळ्यांना माहितीय, खानापूरकडं पावसाळ्यात तर बोलायलाच नको. एमडीरन दर १५ मिनिटांनी चेकपॉइंट (रन कुठवर आला त्याची नोंद) लिहितं, त्यामुळं करंट गेला म्हणून रन पहिल्यापासून लावू नका, त्याच कमांडला सीपीआय हा पर्याय आणि सीपीटी (चेकपॉइंटच्या) फाइलचं नाव जोडा, तिथूनच पुढं चालतं.