मायग्रेनच्या गोळीने मेंदूज्वर बरा होतो म्हणे! असा मेसेज आला तर काय करायचं

मला वीस वर्षं अर्धशिशीचा त्रास आहे, सुमाट्रिप्टानची गोळी कायम पर्समधे. त्यामुळे हा मेसेज आमच्या जुळे सोलापूरच्या ग्रुपवर फिरला तेव्हा सगळ्यांनी मलाच विचारलं.

पहिलं म्हणजे प्रयोग कोणावर झाला ते शोधा. हा उंदरांवर झालाय, हार्वर्डमधे, 2023 ला नेचर या विज्ञानपत्रिकेत छापून आलाय. आणि संशोधन खरंच भारी आहे बरं का. मेंदूच्या आवरणात दुखणं कळणाऱ्या नसा असतात, न्यूमोकोकस (मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा, म्हणजे मेंदूज्वर करणारा एक जंतू) तिथं पोचला की त्याचं विष त्या नसांना डिवचतं, मग नसा सीजीआरपी नावाचं रसायन सोडतात, मायग्रेनमधे डोकं ठणकतं त्यात याचाच मोठा हात असतो, आणि तेच रसायन तिथं पहाऱ्यावर बसलेल्या पेशींना गप्प करतं, त्या मदतीला हाकच मारत नाहीत आणि जंतू आत घुसतात. आपलं दुखणंच जंतूच्या कामी येतं! सुमाट्रिप्टान किंवा ओल्सेजेपंट (दोन्ही सीजीआरपीला आवरणारी औषधं) दिलेल्या उंदरांत जंतू कमी सापडले.

पण म्हणून घरातली गोळी ताप आलेल्याला द्यायची नाही. माणसाला लागतं ते शिरेतून अँटिबायोटिक, बऱ्याचदा सोबत स्टिरॉइड, तेही तासाभरात मिळालं तर उत्तम.

आपल्याकडे खरा घोटाळा उन्हाळ्यात होतो. पारा 42 च्या वर, पोराला ताप आणि डोकं दुखतंय, की लगेच "ऊन लागलं" म्हणून कांद्याचा रस तळपायाला. मागच्या मे मधे शेजारच्या पोराचं असंच चाललेलं, त्याची आई शर्ट काढायला गेली तर त्याला मान खालीच घालता येईना, नुसता कळवळला, तिथंच तिनं रिक्षा बोलावली म्हणून पोरगं वाचलं. तेव्हा तापात हनुवटी छातीला टेकते का बघा, नाही टेकली तर मेंदूज्वर असू शकतो. टेकली तरी उजेड सहन होत नसेल, उलट्या होत असतील, बरळत असेल, झोपेतून नीट उठत नसेल तर थांबू नका, 108 ला फोन करा नाहीतर सरळ सिव्हिल गाठा. तान्ह्या बाळाची मान आखडेलच असं नाही, टाळू फुगलीय का ते चाचपा, दूध सोडलंय का बघा. पाठीतून पाणी काढायचं म्हटलं की लोक घाबरतात, लुळेपणा येतो म्हणतात. नाही येत हो, त्या पाण्यावरूनच जंतू कळतो.

आणि आजच बाळाचं लसीचं कार्ड काढा, पीसीव्ही म्हणजे न्यूमोकोकसवरची लस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्याला, सरकारी दवाखान्यात फुकट असते.