ऑफिसच्या पीसींचे अपडेट ऑटोमॅटिक करताय? या चुका टाळा

आधी एकच गोष्ट सांगतो, स्क्रिप्ट (कामं आपोआप करणारी आदेशांची फाइल) चालली म्हणजे अपडेट झालं असं नसतं. हे कितीही वेळा सांगितलं तरी कोणीतरी हिरव्या रिपोर्टचा स्क्रीनशॉट पाठवतंच आणि विचारतं की सगळं ओके दाखवतंय, मग हा एकच पीसी मागे का राहिला. एकच नसतो हो. बाकीचे अजून कोणी उघडून बघितलेले नसतात.

सगळे पीसी एकाच व्हर्जनचे असतील तर निभावून जातं. पण बहुतेक ऑफिसात काही विंडोज १०, काही ११, एका जुन्या सॉफ्टवेअरसाठी ठेवलेलं विंडोज ७, दोनचार मॅक आणि एखादा उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर अशी सरमिसळ असते आणि तिथे नेटवरून उचललेली स्क्रिप्ट जशीच्या तशी लावली की घोळ सुरू होतो.

रीस्टार्ट कोणी मनावरच घेत नाही

ही माझ्या डोक्यात जाणारी चूक नंबर एक, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

विंडोजवर इन्स्टॉलर काम संपवताना एक कोड परत देतो. ० म्हणजे झालं. ३०१० म्हणजे पण झालं, फक्त रीस्टार्ट बाकी आहे. १६४१ म्हणजे झालं आणि रीस्टार्ट सुरूही केला. १६१८ म्हणजे आत्ता दुसरं काहीतरी इन्स्टॉल होतंय, नंतर परत प्रयत्न करा. एवढे चार कोड पाठ असले तरी निम्मी डोकेदुखी वाचते.

एका ऑफिसात मला बोलावलं होतं तिथली गोष्ट. पहिल्या माणसाने स्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं की ० आला नाही तर फेल, तासाभराने परत चालव. झालं काय, पॅच (दुरुस्तीचा अपडेट) नीट बसायचा, ३०१० यायचा, स्क्रिप्ट त्याला फेल समजायची आणि दर तासाला तेच पॅकेज पुन्हा ढकलायची. लोकांच्या तक्रारी सुरू झाल्या की पीसी दिवसभर स्लो आहे. मग दुसरा माणूस आला, त्याला घाई होती, त्याने मूळ कारण न शोधता सरळ कुठलाही कोड आला तरी यशस्वी धरायचं असं करून टाकलं. तक्रारी थांबल्या, रिपोर्ट हिरवा झाला, सगळे खूश. पण आता १६१८ सुद्धा यशस्वी झाला होता, म्हणजे ज्या मशीनवर काहीच बसलं नव्हतं ती पण हिरवी.

मी गेलो तेव्हा रिपोर्ट बाजूला ठेवला, एका टेबलावर जाऊन टास्क मॅनेजर उघडला आणि अपटाइम, म्हणजे शेवटच्या बूटपासून किती वेळ झाला, तो बघितला. कित्येक आठवडे. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "अहो पण मी तर रोज संध्याकाळी शटडाऊन करूनच घरी जाते." आणि त्या खरंच रोज बंद करत होत्या! प्रकार असा की विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाऊन पूर्ण होत नाही, युजर लॉगआउट होतो पण कर्नलची (विंडोजच्या गाभ्याची) अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. त्यामुळे रीस्टार्टची वाट बघणारे अपडेट तसेच लटकून राहू शकतात. 'रीस्टार्ट' दाबलं तरच पूर्ण बंद होऊन पूर्ण चालू होतं. त्या ऑफिसात चूक युजरची नव्हतीच, आणि तरी इतके दिवस ओरडा त्यांनाच बसत होता याचं मला फार वाईट वाटलं.

माझी सवय सांगतो. फास्ट स्टार्टअप ग्रुप पॉलिसीने (सर्व्हरवरून सगळ्या पीसींना एकदम लागू होणारी सेटिंग) सगळीकडे बंद, एसएसडी असेल तर त्याचा फायदा तसाही जाणवत नाही. रिपोर्टमध्ये 'झालं' आणि 'नाही झालं' याशिवाय 'रीस्टार्ट बाकी' असा तिसरा कॉलम, आणि त्याच्या बाजूला शेवटच्या बूटची तारीख आणि बिल्ड नंबर (विंडोजची नेमकी आवृत्ती सांगणारा आकडा). हे दोन आकडे मशीनकडून थेट घ्यायचे, स्क्रिप्ट काय म्हणते त्यावरून नाही. आणि रीस्टार्टच्या आधी युजरला मेसेज गेलाच पाहिजे. कोणाची अर्धवट फाइल उडवून केलेलं ऑटोमेशन मला मान्य नाही, एकदा असं झालं की लोक पुढच्या वेळी केबल काढून ठेवतात आणि ते बरोबरच करतात.

व्हर्जन नावावरून ओळखणे

ही दुसरी. विंडोज ११ आतून स्वतःचं व्हर्जन १०.० असंच सांगतं, आणि रजिस्ट्रीतल्या (विंडोजची सेटिंग साठवणारी जागा) प्रॉडक्टनेम या नोंदीत तर विंडोज ११ वर सुद्धा 'विंडोज १०' लिहिलेलं सापडतं. त्यामुळे तिथून नाव वाचून गट पाडले की सगळी मशीन एकाच गटात जातात आणि ११ ला १० चं पॅकेज मिळतं, ते अर्थातच बसत नाही. बघायचा तो बिल्ड नंबर. २२००० किंवा त्याच्या पुढे म्हणजे ११, विंडोज १० चा शेवटचा बिल्ड १९०४५. सर्व्हरचे बिल्ड पण याच रांगेत येतात म्हणून सर्व्हर आधीच वेगळे काढा.

मॅकवर तेच. २०२० मध्ये १०.१५ नंतर थेट ११ आलं आणि 'सुरुवातीला १०. असेल तर मॅक' असं लिहिलेल्या स्क्रिप्ट झोपल्या. २०२५ मध्ये १५ वरून एकदम २६. पुढचा नंबर काय असेल याचा अंदाज बांधून कोड लिहूच नका.

आणि व्हर्जनची तुलना अक्षरांसारखी करू नका. अक्षर म्हणून बघितलं तर ९ हा १० पेक्षा मोठा ठरतो, कारण पहिलंच अक्षर ९ आणि १ असं जुळवलं जातं. मग १०.९ वालं मशीन १०.१० पेक्षा नवीन समजलं जातं आणि अपडेट कायमचा चुकतो, एरर पण येत नाही. विंडोजच्या पॉवरशेल या स्क्रिप्टच्या भाषेत व्हर्जन टाइप आहे, उबुंटूवर डीपीकेजी हे पॅकेज सांभाळणारं टूल स्वतः तुलना करून देतं, ते वापरा, हाताने तुकडे पाडत बसू नका.

'सगळीकडे लेटेस्ट टाका' हा पण याचाच भाऊ. विंडोज ७ आणि ८.१ साठी क्रोमचं शेवटचं व्हर्जन १०९, त्यापुढचं तिथे चालतच नाही. गटागटाप्रमाणे कमाल व्हर्जन ठरवून लिहून ठेवा.

सगळ्यांना एकदम, किंवा कोणालाच नाही

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीची एक सदोष फाइल जगभर एकदम गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली. त्यानंतर बरेच जण घाबरून अपडेट महिनोन् महिने लांबवायला लागले, ते पण चूकच. वॉनाक्राय हा फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस १२ मे २०१७ ला पसरला, त्याचा पॅच १४ मार्चलाच आलेला होता. मी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्टचे पॅच आले की प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस) व्हर्जनचं एकेक मशीन घेतो, तेही रोज काम होणारं, आयटीवाल्यांचं नाही, कारण प्रिंटर आणि अकाउंटिंग सॉफ्टवेअर त्यांच्याकडे चालतच नाही. तीनचार दिवस शांत गेले की बाकीचे. नवीन मुलांना हे तीनचार दिवस फार जड जातात, पण ते वाचवू नका.

बाकीच्या पटकन सांगतो. इन्स्टॉल काय आहे हे बघायला विन३२_प्रॉडक्ट (इन्स्टॉल झालेल्या प्रोग्रॅमची यादी देणारी विंडोजची सोय) वापरू नका, ते प्रत्येक एमएसआय (विंडोज इन्स्टॉलरचं) पॅकेज तपासायला आणि रिपेअर करायला घेतं, रजिस्ट्रीतली अनइन्स्टॉलची यादी वाचा. विंडोजचं होम एडिशन डोमेनला (ऑफिसचे सगळे पीसी एका सर्व्हरवरून सांभाळणारी व्यवस्था) जोडता येत नाही, त्यामुळे तुमची ग्रुप पॉलिसी तिथे पोचणार नाही. सिसप्रेप (क्लोनआधी मशीनची ओळख पुसणारं टूल) न करता क्लोन केलेले पीसी डब्ल्यूससमध्ये (WSUS, मायक्रोसॉफ्टचा अपडेट वाटणारा सर्व्हर) एकमेकांची जागा घेत राहतात कारण सगळ्यांचा क्लायंट आयडी एकच. बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटच्या आधी बिटलॉकर (डिस्कचं एन्क्रिप्शन) सस्पेंड करा आणि रिकव्हरी की हाताशी ठेवा. घड्याळ चुकलेलं मशीन अपडेट सर्व्हरचं सर्टिफिकेट (ओळखपत्र) नाकारतं, अपडेट फेल झाला की तारीख बघा, मग डिस्कची जागा, मग बाकी सगळं. उबुंटूवर अनअटेंडेड अपग्रेड्स (आपोआप अपडेट टाकणारी सोय) स्वतःहून रीबूट करत नाही, नवीन कर्नल बसतो पण चालत जुनाच राहतो. ॲपल सिलिकॉन (ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या) मॅकवर ओएसचा अपडेट नुसत्या स्क्रिप्टने होत नाही, युजरचा पासवर्ड मागतो, एमडीएम (मशीन दुरून सांभाळणारं सॉफ्टवेअर) लावा.

शेवटचं म्हणजे सपोर्ट संपलेली मशीन. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. अशा मशीनला विचारलं तर ते सांगतं की एकही अपडेट बाकी नाही, कारण त्याच्यासाठी नवीन काही येतच नाही, आणि रिपोर्टमध्ये ते सगळ्यात हिरवं दिसतं. विंडोज १० ला पैसे भरून वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात, ते घेतले असतील तर लायसन्स खरंच त्या मशीनवर लागू झालंय का ते तपासा. नसतील घेतले तर ते मशीन रिपोर्टमध्ये कायम लाल ठेवा, वेगळ्या नेटवर्कवर टाका, इंटरनेट तोडा, आणि ज्या सॉफ्टवेअरसाठी ते ठेवलंय ते नवीन विंडोजवर आणायचा विषय दर मीटिंगमध्ये काढत राहा.