अ कॅपेला ग्रुप स्टेजवर का अडखळतो? या चुका टाळा

अ कॅपेला म्हणजे वाद्यांशिवाय, फक्त आवाजांनी गाणं. प्रॅक्टिसमध्ये मस्त जमलेलं गाणं स्टेजवर गेलं की सपाट वाटतं, सूर हळूहळू खाली यायला लागतो, लय पळते, आणि नंतर सगळे म्हणतात की आपण नर्व्हस होतो. नर्व्हस तर सगळेच असतात हो. पण बहुतेक वेळा खरी गडबड वेगळीच असते, स्टेजवर पाऊल ठेवल्यापासून ग्रुप एकमेकांना ऐकतच नसतो. मागे एकही वाद्य नाही, म्हणजे आधार फक्त बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या आवाजाचा. म्हणून उभं कसं राहायचं, माइक कसा धरायचा, किती हलायचं, यातलं काहीही ठरवताना मी आधी एवढंच बघतो की याने एकमेकांचं ऐकू जास्त येणार आहे की कमी.

सरळ रेषेत उभं राहणं

ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. स्टेज मोठं मिळालं की ग्रुप या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरतो, फोटो छान येतो, पण गाणं सुटं पडतं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे दहा मीटर लांब उभ्या असलेल्या माणसाचा बीट तुमच्यापर्यंत पोचायला जवळपास 30 मिलिसेकंद लागतात. ऐकायला हे काहीच नाही असं वाटतं, पण तुम्ही त्याला ऐकून गाता, मग तो तुम्हाला ऐकून गातो, आणि दोघं मिळून गाणं हळूहळू मागे ओढता. त्यापेक्षा अर्धगोलात उभं राहा, खांद्याला खांदा नाही पण हात लांब केला तर शेजारच्याला लागेल इतपत जवळ, आणि दोन्ही टोकं थोडी पुढे, म्हणजे टोकाची माणसं एकमेकांना दिसतात. बेस (सगळ्यात खालच्या सुरात गाणारा) आणि बीटबॉक्स करणारा (तोंडाने तालाचे आवाज काढणारा) शेजारी शेजारी हवेत, शक्यतो मधोमध, कारण सगळा ग्रुप लय आणि पायाचा सूर त्यांच्याकडूनच घेतो. या दोघांना दोन टोकांना ठेवणारे ग्रुप मी पाहिलेत, आणि त्यांची लय शेवटपर्यंत बसत नाही.

माइकच्या चुका, आणि इथे जरा थांबा

कारण अर्धं गाणं इथे बिघडतं. पहिलं म्हणजे माइकची जाळी मुठीत धरणं. दिसायला भारी वाटतं, पण स्टेजवरचे नेहमीचे हातातले माइक समोरून येणारा आवाज घेतात आणि मागचा आवाज कमी करतात, आणि हे काम जाळीखालच्या ज्या फटींमुळे होतं त्याच तुम्ही हाताने बंद करता. मग माइक सगळीकडचा आवाज ओढायला लागतो, मॉनिटरमधून (गाणाऱ्यांना स्वतःला ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेल्या स्पीकरमधून) परत येणारा आवाजही, आणि शिट्टी सुरू होते, शिवाय शब्द घोगरे होतात ते वेगळंच. बीटबॉक्सर मुद्दाम तसं धरतो, जाड आवाजासाठी, ते चालतं, पण ते त्याने आधीच साउंडवाल्याला सांगून ठेवायचं. बाकीच्यांनी दांड्यालाच धरायचं.

दुसरं, अंतर. माइक जितका तोंडाजवळ तितका खालचा आवाज फुगतो, त्यामुळे बेसने जवळजवळ ओठाला लावून गायचं आणि वरच्या आवाजांनी चार बोटं लांब. पण एकदा ठरलं की ते अंतर गाणं संपेपर्यंत बदलायचं नाही, हे फार महत्त्वाचं आहे. जोशात येऊन माइक खाली जातो आणि त्या माणसाचा आवाज कॉर्डमधून, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र सुरांतून, गायबच होतो, ऐकणाऱ्याला वाटतं सूर चुकला, खरं तर सूर बरोबर असतो पण पोचतच नाही. प्रॅक्टिसला माइक नसले तरी पाण्याची बाटली हातात धरून गा, हाताला सवय लागते.

तिसरं, साउंडचेकमध्ये प्रत्येकाने "मला मी जास्त हवा" म्हणणं. असं झालं की मॉनिटर वाढत वाढत जातो आणि कोणालाच काही कळत नाही. मॉनिटरमध्ये आधी बेस आणि लय, मग सोलो, बाकी सगळे थोडे थोडे. आणि साउंडचेकला गाण्याची सोपी सुरुवात गाऊ नका, जिथे सगळे एकदम जोरात येतात तो भाग गा, शिट्टी वाजायची असेल तर तिथेच वाजेल.

सुरुवातीचा सूर

काही ग्रुप पिच पाइप (फुंकून सुरुवातीचा सूर देणारं छोटं वाद्य) वाजवतात आणि मग दहा-बारा जण आपापला सूर मोठ्याने गुणगुणत शोधतात, माइक चालू असतानाच. प्रेक्षकांनी तुमचं ऐकलेलं पहिलं गाणं म्हणजे हा गोंधळ. सूर एकानेच द्यायचा, माइक खाली, बाकीच्यांनी मनात घ्यायचा, आणि मग ज्याच्याकडे सगळे बघतात त्याने गाण्याच्या लयीतच श्वास घ्यायचा. तो श्वास म्हणजेच तुमचा काउंट, बोटं मोजून दाखवायची गरज नाही. ही पहिली पाच सेकंदं वेगळी काढून परत परत करा, गाणं न गाता, फक्त सूर, श्वास आणि पहिला शब्द.

हालचाली खूप, अर्थ कमी

स्टेप्स बसवायच्या तर गाणं पूर्ण पाठ झाल्यावरच, आधी नाही. उडी, गिरकी, खाली बसणं, या गोष्टी अवघड एंट्रीच्या अगदी आधी ठेवल्या की श्वास तुटतो आणि एंट्री कच्ची येते. हालचाल सोप्या जागी ठेवा. किंग्ज सिंगर्स हा ग्रुप 1968 पासून आहे, सहाच जण, समोर कंडक्टर नाही, आणि ते कितीतरी गाणी जवळजवळ जागेवर उभं राहून गातात तरी नजर हटत नाही. बार्बरशॉपच्या (चार आवाजांत गायच्या अ कॅपेलाच्या एका प्रकाराच्या) स्पर्धांमध्ये तर संगीत, परफॉर्मन्स आणि गायन असे तीन वेगळे परीक्षक-गट असतात, म्हणजे स्टेजवरचं वागणं हा तिथे वरचा मेकअप समजत नाहीत.

मागचे चेहरे

सोलो गाणारा जीव ओतून गातोय आणि मागचे आठ जण "डू डू" करत जमिनीकडे बघतायत, असं दिसलं की गाणं तिथेच संपतं. बॅकिंगवाल्यांनाही सोलोचे सगळे शब्द पाठ हवेत आणि मनात चालू हवेत, मग चेहरा आपोआप बरोबर येतो, खोटं हसू लागत नाही. आणि हातात फोन किंवा कागद नकोच, नजर खाली गेली की एकमेकांचा श्वास दिसत नाही आणि शब्दाचा शेवट, म्हणजे तो "स" किंवा "त", प्रत्येकाचा वेगळा पडतो.

सूर खाली जात असेल तर

आधी कुठून खाली जातो ते शोधा, "आपण फ्लॅट होतो" एवढं म्हणून काही होत नाही. प्रॅक्टिसचं रेकॉर्डिंग करा आणि कडव्या-कडव्याला पिच पाइपने तपासा. बहुतेकदा एकच सूर सलग खूप वेळा येतो तिथे, नाहीतर खाली उतरणाऱ्या ओळीत सुरांची पावलं मोठी पडतात तिथे सापडेल. दरवेळी त्याच पट्टीत घसरत असेल तर अर्धा सूर वर किंवा खाली घेऊन बघा, बऱ्याच ग्रुपचं एवढ्यानेच सुटतं. लांब सुरावर सगळ्यांनी एकाच वेळी श्वास घेऊ नका, आळीपाळीने घ्या, आणि परत येताना हळू आत या.

दोन गाण्यांच्या मधे कोण बोलणार, पाणी कोण कधी पिणार, जागा कशा बदलायच्या, हे पण ठरवून ठेवा, एवढंच.

आणि गाणं खरंच कोसळलं तर? त्यासाठी प्रत्येक गाण्यात दोन-तीन जागा आधीच ठरवा, समजा प्रत्येक धृपदाची पहिली ओळ, जिथे काहीही झालं तरी सगळे येऊन मिळतील. तोपर्यंत बेस आणि बीट थांबणार नाहीत, हरवलेल्याने गप्प राहून बेस ऐकायचा आणि तिथून आत यायचं, चुकलेल्याकडे कोणीही वळून बघायचं नाही. प्रॅक्टिसला मुद्दाम एकाला मधेच गप्प करून हे करून बघा. आणि बेसच हरवला तर सूर देणाऱ्याने हात वर करायचा, सगळ्यांनी थांबायचं, नवा सूर घ्यायचा आणि माफी न मागता पहिल्यापासून गायचं.