बॉशचं नाव आणि चेहरा चार्टवर टाकायच्या आधी

इंटरमिजिएटची तयारी असो की शाळेतलं चित्रप्रदर्शन, जुन्या युरोपियन चित्रकारांचा चार्ट करायचा म्हटलं की आपल्या जळगाव-भुसावळकडची पोरं मोबाईलवर नाव टाकतात, पहिला जो फोटो येतो तो सेव्ह करतात आन डायरेक्ट फ्लेक्सवाल्याकडे. असं नका करू भो. हिरोनिमस बॉशच घ्या, त्याच्यावर सगळं शिकून होतं.

आधी नाव. घरचं आडनाव व्हान आकेन, म्हणजे घराणं मूळचं जर्मनीतल्या आखेनचं, आन आजोबा, बाप, काका सगळे चित्रकारच, त्यामुळे नुसतं व्हान आकेन शोधलं तर भलताच माणूस हाती लागायचा. चित्रांवर सही मात्र बॉश, ते त्याच्या गावावरून, नेदरलँडमधलं सेर्टोखेनबॉस, जवळचे लोक डेन बॉस म्हणतात. आपल्याकडे फैजपूरचा माणूस पुण्यात गेला की फैजपूरकर होतो ना, तसंच. स्पेनमध्ये तो एल बॉस्को, आन त्याचं सगळ्यात गाजलेलं चित्र माद्रिदच्या प्राडो म्युझियममध्येच असल्याने हे नावपण टाकून शोधा. चार्टवर सहीतलं नाव मोठं आन घरचं खाली बारीक, एवढं पुरे.

आता चेहरा, खरी गडबड इथेच. एकच हिशोब करायचा, चित्र कधीचं आन माणूस कधी गेला. बॉश 1516 मध्ये गेला. त्याचा चेहरा म्हणून जे टोपीवाल्या म्हाताऱ्याचं रेखाचित्र दाखवतात ते फ्रान्समधल्या आरास गावच्या संग्रहातलं, साधारण 1550 चं, आन कॉर्नेलिस कोर्ट नावाच्या चित्रकाराचं छापील चित्र 1572 चं. म्हणजे दोन्ही तो गेल्यावरची! दोन्हीत चेहरा सारखा दिसतो म्हणून खूश होऊ नका, दोघांनी एकाच जुन्या चित्रावरून काढलं असेल किंवा एकाने दुसऱ्याचं बघून, त्यावरून तो तसाच दिसायचा हे ठरत नाही. बॉशच्या नरकाच्या चित्रातला तो झाडासारखा माणूस म्हणजे बॉश स्वतःच असंही सांगतात, पण त्याला पुरावा नाही, मी तरी तो टाकणार नाही. जर्मन चित्रकार ड्युररचं वेगळं, त्याने 1500 मध्ये स्वतःला रंगवून त्यावर नाव आन वयसुद्धा लिहून ठेवलं, तो बिनधास्त लावा.

आन हे फक्त युरोपचं नाही बरं का, चाळीसगावजवळ पाटणचा शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती मिळते पण चेहरा नाही, तरी त्यांचे फोटो भिंतीवर असतातच, ते सगळे नंतरच्या चित्रकारांच्या कल्पनेतले.

म्हणून फोटोखाली सरळ लिहा: ‘बॉश, मृत्यूनंतर काढलेलं चित्र, कॉर्नेलिस कोर्ट, 1572’. फ्लेक्सवाल्याला रंग भरू देऊ नका, एआयने गोरा-गुलाबी केलेला चेहरा तर नकोच, मूळ चित्र काळं-पांढरंच आहे. आन जिथून घेतलं त्या म्युझियमचं नाव कोपऱ्यात टाका, सर विचारतातच.